पर्ड्यूच्या निमित्ताने: कॉलेज बास्केटबॉल कसे पाहावे आणि मार्चची वाट कशी पाहावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका जोडप्याचा मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात, पर्ड्यू विद्यापीठात एम. एस. करण्यासाठी गेला. क्रिकेटशिवाय दुसरा खेळ ज्याने कधी मन लावून पाहिला नाही, तो मुलगा आता फोनवर बास्केटबॉलखेरीज फारसे काही बोलत नाही, आणि मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचे ‘ब्रॅकेट’, म्हणजे कोणता सामना कोण जिंकेल याच्या अंदाजाचा तक्ता, दोघांनीही भरायचेच असे त्याने बजावले आहे. एन.बी.ए.सारखी जगातली सर्वोत्तम व्यावसायिक स्पर्धा असताना विद्यार्थ्यांच्या सामन्यांसाठी माणसे एवढी जीव का टाकतात, आणि सांगलीत बसून आपण हे सगळे कुठून समजून घ्यायला सुरुवात करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी नागपूरला शाळेत आणि कॉलेजात बास्केटबॉल खेळलो, 1996 पासून इंडियानापोलिसजवळ राहतो, आणि गेली वीस वर्षे येथील शाळांच्या सामन्यांत गुणलेखकाच्या मेजावर बसतो. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, ब्रॅकेटपासून सुरुवात करू नका. नोव्हेंबरपासून एक संघ आपला माना. आपला संघ तर मुलाने आधीच ठरवून दिला आहे. ज्याने चार महिने एका संघाचे सामने पाहिले आहेत त्याला मार्चमधली स्पर्धा जशी दिसते, तशी ती फक्त तीन आठवडे डोकावणाऱ्याला दिसत नाही.

एन.बी.ए.मधला खेळ अधिक चांगला असतो, याबद्दल वाद नाही. तिथले खेळाडू अधिक ताकदीचे, अधिक सरावाचे आणि अधिक अचूक असतात. परंतु एन.बी.ए.च्या बाद फेरीत दोन संघांमध्ये सातपर्यंत सामने होतात आणि बहुतेक वेळा वरचढ संघच पुढे जातो. कॉलेजच्या स्पर्धेत मात्र चाळीस मिनिटांचा एकच सामना असतो आणि हरलेला संघ त्याच रात्री घरी जातो. शिवाय खेळणारी मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची असतात, पाहणाऱ्यांच्या वर्गात बसणारी, त्याच खानावळीत जेवणारी. आपला मुलगा ज्या संघाबद्दल बोलतो त्यातला एखादा खेळाडू त्याला ग्रंथालयाच्या जिन्यात भेटत असेल. हे नाते पैसे मोजून तिकीट काढणाऱ्या चाहत्याचे नसते.

आता हंगामाची रचना पाहू. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत आणि ती तीसेक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांमध्ये, विभागलेली आहेत. पर्ड्यू ज्या ‘बिग टेन’ कॉन्फरन्समध्ये आहे तिच्या नावात दहा असले तरी 2024 पासून तिच्यात 18 संघ आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्या संघांशी सामने होतात, मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत कॉन्फरन्समधले सामने होतात (बिग टेनमध्ये ते वीस असतात), मार्चच्या आरंभी प्रत्येक कॉन्फरन्सची स्वतःची बाद स्पर्धा होते, आणि मग एका रविवारी संध्याकाळी राष्ट्रीय स्पर्धेचे संघ जाहीर होतात. 1939 मध्ये ही स्पर्धा आठ संघांनी सुरू झाली आणि ओरेगॉनने ओहायो स्टेटला 46-33 असे हरवून ती जिंकली. 1985 मध्ये संघ 64 झाले आणि 2011 मध्ये 68. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. स्पर्धेच्या चौकोनी तक्त्याचे चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात 1 ते 16 अशी मानांकने दिलेली असतात; 1 म्हणजे सर्वांत बलवान.

एवढे समजले की पर्ड्यूची गोष्ट समजते. ती मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपला मुलगा ज्या लोकांमध्ये राहतो त्यांच्या मनात ती कायम असते.

पर्ड्यूच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धा अजून एकदाही जिंकलेली नाही, निदान 2025 पर्यंत तरी नाही. या स्पर्धेच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी प्रशिक्षक जॉन वुडन हे मात्र इंडियानातलेच, पर्ड्यूकडून खेळलेले. त्यांनी 1964 ते 1975 या काळात कॅलिफोर्नियातील यूसीएलएला दहा अजिंक्यपदे मिळवून दिली. 1967 च्या डिसेंबरमध्ये पर्ड्यूचे आजचे मॅकी अरीना हे क्रीडागृह खुले झाले तेव्हा पाहुणा संघ वुडन यांचाच होता आणि त्याने पर्ड्यूला 73-71 असे हरवले. 1969 मध्ये पर्ड्यू प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचले, आणि तिथेही समोर वुडन यांचाच संघ उभा होता. तोही सामना पर्ड्यूने गमावला. पर्ड्यूच्या गावात, वेस्ट लाफायेतमध्ये, जुने लोक आजही या दोन सामन्यांबद्दल बोलतात.

अलीकडची वेदना याहून ताजी आहे. 2021 मध्ये पर्ड्यू 13 व्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससकडून हरले. 2022 मध्ये 15 व्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने, म्हणजे न्यू जर्सीतल्या एका लहानशा विद्यापीठाने, त्यांना 67-64 असे बाहेर काढले. 2023 मध्ये पर्ड्यूने बिग टेनचा नियमित हंगाम जिंकला, बिग टेनची बाद स्पर्धाही जिंकली, आणि पहिले मानांकन घेऊन ते ओहायोतील कोलंबस येथे 16 व्या मानांकनाच्या फेअर्ली डिकिन्सन विद्यापीठाशी खेळायला उतरले. पहिल्या मानांकनाचा संघ 16 व्याकडून हरण्याची घटना पुरुषांच्या स्पर्धेत तोपर्यंत एकदाच घडली होती: 2018 मध्ये मेरीलँडमधल्या यूएमबीसी विद्यापीठाने व्हर्जिनियाला 74-54 असे हरवले तेव्हा.

त्या रात्री मी कोलंबसला होतो. पर्ड्यूचा मध्यवर्ती खेळाडू टोरांटोचा झॅक ईडी, उंची सात फूट चार इंच; समोरचा संघ उंचीच्या सरासरीत पहिल्या श्रेणीतला सर्वांत बुटका. फेअर्ली डिकिन्सनने आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामनाही गमावला होता; जिंकलेला मेरिमॅक संघ दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर आल्यामुळे नियमानुसार अपात्र होता, म्हणून यांना प्रवेश मिळाला. पहिल्या दहा मिनिटांत कुणालाच काही वेगळे वाटले नाही. मग लक्षात आले की ही बुटकी मुले ईडीच्या पुढे एक आणि मागे एक अशी उभी राहून त्याच्याकडे चेंडूच जाऊ देत नाहीत, आणि पर्ड्यूच्या पहिल्या वर्षाच्या दोन गार्डना, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूंना, पूर्ण मैदानभर सतावत आहेत. कमानीबाहेरून मारलेल्या, तीन गुणांच्या 26 थ्री पॉइंटरपैकी पर्ड्यूचे 5 च पडले. दुसऱ्या सत्रात पुढच्या सामन्यासाठी येऊन बसलेले, कुठल्याच बाजूचे नसलेले प्रेक्षक एकेक करून उभे राहू लागले, आणि ओहायोत पाहुणा असलेला तो संघ बघता बघता यजमान झाला. 63-58. माझ्या पुढच्या रांगेत पर्ड्यूच्या काळ्या-सोनेरी रंगांच्या स्वेटरमधल्या एक आजीबाई होत्या. सामना संपल्यावर त्यांनी मांडीवरची कार्यक्रमपत्रिका नीट चौघडी घालून पर्समध्ये ठेवली आणि नातवाला म्हणाल्या, “पुढच्या नोव्हेंबरची तिकिटे काढायची आहेत, आठवण कर.”

त्या उत्तरात या खेळाचा चाहता पुरता दिसतो. 68 संघांपैकी 67 संघांची स्पर्धा पराभवाने संपते, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असते. पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, पर्ड्यूने डेट्रॉइटला टेनेसीचा 72-66 असा पराभव केला, ईडीने 40 गुण आणि 16 रीबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) मिळवले, आणि 1980 नंतर प्रथमच पर्ड्यू शेवटच्या चार संघांत आले. कोलंबसच्या रात्री गोंधळलेले पहिल्या वर्षाचे ते दोन गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, यांनीच आता चेंडू सांभाळला. अंतिम सामन्यात कनेटिकटने त्यांना 75-60 असे हरवले. ज्याने 2023 चा पराभव पाहिला नाही त्याला डेट्रॉइटच्या विजयाचा अर्थ अर्धाच कळतो, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता सामना कसा पाहावा. धावफलकावर आपला संघ किती पुढे आहे याकडे सतत पाहण्यापेक्षा, चेंडू आपल्याकडे आला की त्या फेरीत काय झाले हे पाहायची सवय लावा. चेंडू ताब्यात आल्यापासून 30 सेकंदांत बास्केटकडे मारावा लागतो; सामन्यात प्रत्येक संघाला अशा साधारण पासष्ट ते सत्तर फेऱ्या मिळतात. एका फेरीला सरासरी एकाहून जास्त गुण मिळवणारा संघ चांगला खेळतो आहे, असे ढोबळ मानाने समजावे. यात तीन गोष्टी निर्णायक असतात: चेंडू न मारताच गमावणे, आपलाच चुकलेला फटका पुन्हा पकडणे, आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा बिनअडथळ्याचा फटका, मिळवणे. सुंदर थ्री पॉइंटर सगळ्यांनाच दिसतो. मात्र सामना बहुधा या तीन गोष्टींत ठरतो.

फाउलचा हिशेब मी आवर्जून सांगतो, कारण तो माझ्या मेजावरचा विषय आहे आणि दूरचित्रवाणीवर तो कुणी समजावत नाही. पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस मिनिटांची दोन सत्रे असतात. एका सत्रात संघाचे सहा फाउल झाले आणि सातवा झाला की समोरच्या खेळाडूला एक फ्री थ्रो मिळतो, आणि तो पडला तरच दुसरा मिळतो. दहाव्या फाउलपासून थेट दोन मिळतात. त्यामुळे सातव्या ते नवव्या फाउलच्या दरम्यान एकोणीस वर्षांचा मुलगा रेषेवर एकटा उभा असतो, पहिला चुकला तर दुसरा नाही हे त्याला ठाऊक असते, आणि समोर बोर्डामागे विद्यार्थी हात हलवून ओरडत असतात. एन.बी.ए.त हा नियम नाही. सामन्याची शेवटची पाच मिनिटे सुरू झाली की पडद्याच्या खालच्या बाजूला दोन्ही संघांच्या फाउलचे आकडे पाहा. प्रशिक्षक पुढे काय करणार याचा अंदाज आपल्यालाही बांधता येईल. तसाच मेजावर एक बाण असतो. दोन खेळाडूंनी चेंडू एकत्र धरला तर इथे पुन्हा उडी मारून घेत नाहीत. बाण ज्या संघाकडे दाखवतो त्याला चेंडू मिळतो आणि मग बाण फिरवला जातो. मी तो बाण शेकडो वेळा फिरवला आहे, आणि अटीतटीच्या सामन्यात तो फिरवताना अजूनही दोनदा खात्री करतो.

फेब्रुवारीत आपल्या कानावर निवड समितीबद्दलची चर्चा येऊ लागेल. समिती 2018-19 पासून ‘नेट’ नावाची क्रमवारी समोर ठेवते. त्यात विजयाचे मोल प्रतिस्पर्धी कोण आणि सामना कुठे यावर ठरते: पहिल्या प्रतीचा विजय म्हणजे घरच्या मैदानावर पहिल्या 30 संघांपैकी एखाद्याला, तटस्थ मैदानावर पहिल्या 50 पैकी, किंवा परक्या मैदानावर पहिल्या 75 पैकी एखाद्याला हरवणे. परक्या मैदानावर जिंकणे किती अवघड असते याची ही कबुलीच आहे. पर्ड्यूला प्रवेशाची चिंता बहुधा नसते, पण जे संघ उंबरठ्यावर असतात त्यांचे त्या आठवड्यातले सामने जरूर पाहा. त्याहून अधिक आग्रहाने मी लहान कॉन्फरन्सचे अंतिम सामने सुचवेन. तिथे दुसरे स्थान निरुपयोगी असते. जिंकले तर राष्ट्रीय स्पर्धा, हरले तर बहुधा हंगाम संपला. जिंकलेला संघ शिडी लावून बास्केटची जाळी कात्रीने कापतो आणि प्रत्येक खेळाडू एकेक धागा घेतो. ही प्रथा कॉलेज खेळात आणणारे एव्हरेट केस हे मूळचे इंडियानातल्या शाळांचे प्रशिक्षक. नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडे गेल्यावर त्यांनी 1947 मध्ये ती तिथे रुजवली.

ब्रॅकेट म्हणजे सुरुवातीचे चार प्रवेश-सामने सोडून उरलेल्या 63 सामन्यांचे विजेते स्पर्धेआधीच लिहून देणे. ते भरण्याचे वेगवेगळे प्रकार दोनाच्या 63 व्या घाताइतके, म्हणजे नऊच्या पुढे अठरा अंक एवढे आहेत, आणि सगळे बरोबर येणारा त्यांतला एकच. म्हणून अचूकतेचा ध्यास सोडून द्यावा. बहुतेक ठिकाणी प्रत्येक फेरीला गुण दुप्पट होतात, त्यामुळे पहिल्या फेरीतल्या धक्कादायक निकालांपेक्षा विजेता बरोबर येणे जास्त मोलाचे ठरते. म्हणून आधी विजेता लिहा आणि तिथून मागे या. 1985 ते 2025 या काळात चौथ्याहून खालच्या मानांकनाचे तीनच संघ जिंकले आहेत: 1985 मध्ये आठवे व्हिलानोव्हा, 1988 मध्ये सहावे कॅन्सस आणि 2014 मध्ये सातवे कनेटिकट. 2025 मध्ये तर चारही पहिले मानांकित संघ शेवटच्या चारांत होते आणि फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 असे हरवले. पहिल्या फेरीत आठवा विरुद्ध नववा हा सामना जवळजवळ बरोबरीचा असतो, आणि पाचव्याला बारावा हरवतो हे साधारण तीनांतून एकदा घडते. तेव्हा एखादा बारावा संघ अवश्य निवडा, पण त्याचे दोन सामने आधी पाहून मगच. एक मात्र सांगतो: ब्रॅकेटमध्ये पर्ड्यूला लवकर बाहेर काढून चार गुण वाचवू नका. ज्या रात्री संघ जिंकतो त्या रात्री आपण निखळ आनंदात असायला हवे.

पैजेबद्दल माझे मत कडक आहे. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी बंदी उठवल्यानंतर राज्याराज्यांत खेळांवरची सट्टेबाजी कायदेशीर झाली. फ्री थ्रो चुकवलेल्या विद्यार्थ्याला आपले पैसे बुडाले म्हणून शिव्यांचे संदेश पाठवणारे लोक त्यातूनच आले. मुलाला यापासून दूर राहायला सांगा. मित्रांमध्ये बिनपैशांचे ब्रॅकेट पुरेसे आहे.

खेळाडू आता दरवर्षी विद्यापीठे बदलतात, मग जीव कुणात गुंतवायचा, हा प्रश्न आपल्याला लवकरच पडेल. 2021 पासून खेळाडूंना स्वतःचे नाव जाहिरातींसारख्या कामांसाठी वापरू देण्याचा मोबदला घेता येतो आणि विद्यापीठ बदलणेही सोपे झाले आहे. मुलांना पैसा मिळतो हे मला न्याय्य वाटते, कारण त्यांच्या श्रमावर विद्यापीठे आणि वाहिन्या कित्येक वर्षे कमावत होत्या. परंतु दर एप्रिलमध्ये अर्धा संघ बदललेला पाहणे चाहत्याला जड जाते, हेही खरे आहे. पर्ड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर स्वतः पर्ड्यूकडून खेळलेले आहेत आणि 2005 पासून तेच संघ सांभाळतात. स्मिथ, लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन यांच्यासारखे खेळाडू त्यांच्याकडे टिकून राहिले. आणि 2024 चा तोच संघ पूर्ण झाला तो सदर्न इलिनॉयमधून बदली घेऊन आलेल्या लान्स जोन्समुळे. अशा प्रशिक्षकाचा संघ आपल्या वाट्याला आला, हे नव्या चाहत्याचे भाग्य आहे.

महिलांची स्पर्धा सोडू नका. पर्ड्यूचे राष्ट्रीय अजिंक्यपद तिथेच आहे: 1999 मध्ये त्यांच्या महिला संघाने ड्यूकला 62-45 असे हरवले. 2024 मध्ये साउथ कॅरोलिना आणि केटलिन क्लार्कचा आयोवा यांच्यातला महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक अमेरिकी प्रेक्षकांनी पाहिला. महिलांच्या सामन्यात दहा मिनिटांचे चार भाग असतात आणि फाउलचा हिशेबही वेगळा असतो. एवढे लक्षात ठेवले की बाकी सगळे लगेच समजते.

शेवटी वेळापत्रक. हिवाळ्यात इंडियाना आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणून तिथला संध्याकाळी सातचा सामना सांगलीत दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरू होतो. सकाळी फिरायला जाण्याआधी त्याचे पहिले सत्र पाहून होईल. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. मुख्य स्पर्धेचा पहिला गुरुवार आणि शुक्रवार तिथे दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे रात्री पावणेदहाच्या आसपास, आणि सामने आपल्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतात. रात्री साडेबारापर्यंत पाहून झोपावे आणि सहाला उठून पुन्हा बसावे, असे मी माझ्या नागपूरच्या भावाला सुचवले होते आणि त्याला ते जमले. अंतिम सामना तिथे सोमवारी रात्री, म्हणून आपल्याकडे मंगळवारी सकाळी सव्वासहा-साडेसहाला. घड्याळात शेवटची दोन मिनिटे उरली की फाउल आणि टाइमआउटमुळे ती पंधरा मिनिटे चालतात, तेव्हा चहा त्याआधीच करून घ्या, आणि मुलाला फोन मात्र सामना संपल्यावर लावा. त्या पंधरा मिनिटांत तो उचलणार नाही.